आप्पांना कुणी विचारलं?

*ताई, नमस्कार.*

*आमचे आप्पा १९८८-८९ मध्ये श्रीलंकेत होते, शांतिसेनेत. पायदळात नाईक म्हणून गेले, पुढं हवालदार होऊन निवृत्त झाले. यंदा २६ जानेवारीला ग्रामपंचायतीनं गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार केला. रात्री आक्का आणि दाजी घरी जेवायला होते. दाजी हायस्कूलला इतिहास शिकवतात. जेवताना म्हणाले, "सत्कार ठीक आहे, पण ती लढाई मुळातच चुकली होती. बाराशे पोरं फुकट गेली, हाती काय लागलं?" आप्पा ताटावरून उठले आणि परड्यात जाऊन बसले. ताटात भात तसाच. मी दाजींना नको ते बोललो. जो तिकडं गेला नाही त्यानं तोंड उघडू नये, असंही म्हणालो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. भावकीतही दोन तट पडलेत. आक्का फोनवर रडते, राखीला येऊ का म्हणून विचारते. दाजींनी माफी मागितल्याशिवाय मी त्यांना दारात घेऊ का? आणि त्यांचं तोंड बंद होईल असं उत्तर तुमच्याकडं असेल तर तेही द्या.*

*आप्पा यावर काही बोललेले नाहीत. तसेही ते कमीच बोलतात. वाटेनं जाताना कडेच्या मोकळ्या मातीवर पाय देत नाहीत, मधूनच चालतात. नातू रस्त्यातला डबा लाथाडायला गेला तर ओरडतात. त्यांचा चढलेला आवाज आम्ही तेवढाच ऐकलाय.*

*– सातारा जिल्ह्यातला एक मुलगा*

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या चार ओळींवर अडकले. कडेच्या मातीवर पाय न देणं, डब्याला पाय लागू न देणं. श्रीलंकेत आपल्या जवानांना समोरासमोरच्या गोळीपेक्षाही रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांची धास्ती होती. वाघांनी, म्हणजे एलटीटीई या तिथल्या सशस्त्र तमिळ संघटनेनं, रस्ते, पायवाटा, घरांची दारं, कशाकशात स्फोटकं दडवली होती. नुकती उकरलेली, भुसभुशीत माती दिसली की थांबायचं, पडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, पायानं ढकलायचं नाही, हे तिथं गेलेल्या माणसाच्या अंगात भिनलं. तुमचे आप्पा परत येऊन पस्तीस वर्षं झाली, तरी पायांना अजून ते विसरता आलेलं नाही.

आता उत्तराचं. दाजींचं तोंड बंद होईल असं उत्तर माझ्याकडं नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते बनवून देणार नाही. कारण दाजींच्या म्हणण्यात तथ्य आहे. बोलायची वेळ चुकली आणि एक शब्द फार वाईट चुकला, त्यावर मी येतेच. पण आधी तुमच्या घरात ज्याच्यावरून भांडण पेटलं ते प्रकरण काय होतं, ते सरळ मांडू.

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची कत्तल झाली. हजारो तमिळ समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. त्याच काळात भारतानं तमिळ लढवय्या गटांना आसरा, शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं, एलटीटीईलाही. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ भागाला अधिकार मिळावेत, गटांनी शस्त्रं खाली ठेवावीत आणि हे सुरळीत व्हावं म्हणून भारताची शांतिसेना तिथं जावी, असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, त्याचा घाव खांद्यावर बसला. तो देश या कराराकडं कसा बघत होता, हे तिथंच दिसलं.

वाघांनी थोडी शस्त्रं दिली, बाकीची ठेवून घेतली. ऑक्टोबरात लढाई जुंपली. दोन बाजूंमध्ये उभं राहायला गेलेल्या फौजेला, आपणच शिकवलेल्या माणसांशी लढावं लागलं. नकाशे अपुरे, हातात एका वेळी एकच गोळी सुटणाऱ्या एसएलआर रायफली, आणि समोरच्याकडं एके-४७. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतले तीस जण वेढले गेले. त्यांतला एक जिवंत पकडला गेला, एकोणतीस मारले गेले. वाघांना तो बेत आधीच कळला होता. २५ नोव्हेंबरला ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेला माणूस, छातीत गोळी लागलेली असताना लढत राहिले आणि तिथंच पडले. त्या साऱ्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

पुढं नवे अध्यक्ष प्रेमदासा आले आणि १९८९ मध्ये त्यांनी जाहीरपणे आपल्या सैन्याला परत जायला सांगितलं. एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या फौजेशी लढायला त्यांच्याच सरकारनं वाघांना शस्त्रं पुरवली, हे नंतर उघड झालं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. परतलेल्या सैनिकांच्या स्वागताला मद्रासला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांना मारणाऱ्या सैन्याचं स्वागत कसं करू, ही त्यांची भूमिका होती. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींची हत्या केली. प्रेमदासांनाही १९९३ मध्ये वाघांनीच संपवलं. आणि श्रीलंका सरकार आणि वाघांमधलं युद्ध मे २००९ पर्यंत चाललं.

भाऊ, हे सगळं वाचून कुणी म्हणालं की हाती काय लागलं, तर त्याला वेडा म्हणता येत नाही. हा वाद काही तुमच्या दाजींनी काढलेला नाही. त्या मोहिमेचे सेनापती, त्या वेळचे राजनैतिक अधिकारी, पत्रकार, सगळे गेली तीस-पस्तीस वर्षं एकमेकांशी यावर भांडताहेत. सेनेचे अधिकारी म्हणतात, आम्हाला धड उद्दिष्टच दिलं नाही. मुत्सद्दी म्हणतात, करार योग्य होता, अंमलात गफलत झाली.

दुसरी बाजूही आहे आणि ती दाजींनी शाळेत शिकवली पाहिजे. त्या करारामुळंच श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा आल्या आणि तमिळ ही त्या देशाची अधिकृत भाषा झाली. आजही तिथले तमिळ नेते हक्क मागतात तेव्हा त्या दुरुस्तीचं नाव घेतात. त्रिंकोमालीचं बंदर भारताला अपाय होईल अशा रीतीनं दुसऱ्या कुठल्या देशाच्या लष्करी वापरासाठी द्यायचं नाही, हे करारासोबतच्या पत्रांत लिहून घेतलं गेलं. आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये आपल्या जवानांच्या पहाऱ्यात लोकांनी मतदानही केलं. हे काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

मला विचाराल तर मोहीम फसली. आधी शस्त्रं द्यायची, मग तीच काढून घ्यायला आपली पोरं पाठवायची, हे धोरण ज्यांनी आखलं त्यांनी त्याचा शेवट बघितला नव्हता. माझं हे मत आहे आणि ते मी आप्पांच्या समोर बसूनही सांगेन, त्यांनी विचारलं तर. ते ऐकून माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर कमी आहे असं त्यांना वाटणार नाही, याची मला खात्री आहे. कारण धोरण आप्पांनी आखलं नव्हतं. त्यांना हुकूम आला आणि ते जहाजात बसले.

इथंच तुमचं आणि माझं पटत नाही. जो गेला नाही त्यानं बोलू नये, असं तुम्ही म्हणालात. रागात म्हणालात, पण भावकीत आता तेच वाक्य फिरतंय, म्हणून सांगते. सैनिकाला हुकूम मिळाला की का म्हणून विचारता येत नाही. मग ते विचारायचं कुणी? जे घरी राहतात, मत देतात, ज्यांच्या नावानं फौज पाठवली जाते, त्यांनीच ना? दाजींनी विचारलं नाही, मी विचारलं नाही, तर पुढच्या वेळी कुणीतरी पुन्हा अशीच अर्धवट योजना घेऊन तुमच्या गावातल्या पोरांना बोटीत बसवेल. सातारा जिल्ह्यात प्रत्येक वाडीत एक तरी घर फौजेचं आहे. तिथं तर हा प्रश्न मोठ्यानं विचारला गेला पाहिजे.

पण दाजी म्हणाले, पोरं फुकट गेली. हा शब्द मात्र परत घ्यायला हवा. युद्ध फुकट गेलं म्हणा, डाव फसला म्हणा, दिल्लीनं घोळ घातला म्हणा. "पोरं फुकट गेली" हे ज्यानं त्या पोरांना खांद्यावर उचलून गाडीत ठेवलं असेल, त्याच्या ताटासमोर बसून म्हणायचं नसतं. दुपारी त्याला शाल पांघरली आणि रात्री त्याच्या जोडीदारांना फुकटे ठरवलं. दाजींच्या मनात तसं नव्हतं, हे मी धरून चालते. शिक्षक माणूस आहे, वर्गात बोलतो तसा बोलून गेला. तरी लागलं ते लागलंच.

आता एक घरातली गोष्ट सांगते. माझे मामा १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात होते, शत्रूच्या हाती सापडले आणि पुढच्या वर्षी सुटून आले. आमच्या लहानपणी दर दिवाळीत फराळाला सगळे जमले की नेहरू, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, तिथल्या फौजेचे सेनापती जनरल कौल यांच्यावरून वडील आणि थोरले काका यांची जुंपायची. आवाज टिपेला जायचे. मामा लाडू हातात घेऊन उठायचे आणि गोठ्याकडं जायचे. सगळे म्हणायचे, त्याला नेहरूंविरुद्ध बोललेलं खपत नाही. दुसरा तट म्हणायचा, त्याला नेहरूंची बाजू घेतलेली खपत नाही. मी तिशीत असताना एकदा त्यांच्यासोबत गोठ्यात बसले होते. का कोण जाणे, विचारलं, "मामा, तिकडं तुमच्या पायात काय होतं?" ते म्हणाले, "कॅनव्हासचे बूट." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले की आठवड्यात ते फाटले, आणि शेजारचा जोडीदार गेला तेव्हा त्याचे जरा बरे होते ते काढून यांनी घातले. त्याच बुटांत कैदेत गेले. सुटून आल्यावर त्या जोडीदाराच्या घरी जायचं होतं, गेले नाहीत. "त्याच्या आईला काय सांगणार, बूट मीच घातले?"

पंचवीस वर्षं आम्ही नेहरूंवरून भांडत होतो आणि मामा बुटांपाशी होते. त्या संध्याकाळी ते युद्धाबद्दलही बोलले, अगदी स्पष्ट. "थांबा म्हटलं असतं तर थांबलो असतो. मागं या म्हटलं असतं तर नीट आलो असतो. धड एकही सांगितलं नाही." वडील आणि काका दोघांच्याही भांडणात हे कधी आलं नव्हतं.

म्हणून विचारते. आप्पा का उठले, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? दाजींचा राग आला म्हणून, असं तुम्ही धरून चाललात. असेलही. पण कदाचित दाजी म्हणाले तेच ते स्वतः पस्तीस वर्षं मनात म्हणत आले असतील आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकवलं नसेल. कदाचित बाराशे म्हटल्यावर त्या बाराशेतला एखादा चेहरा समोर आला असेल. कदाचित तुमचा चढलेला आवाज त्यांना दाजींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला असेल. तुम्ही इतके महिने त्यांच्या वतीनं भांडताय, पण पत्रात कुठंही असं लिहिलेलं नाही की मी आप्पांना विचारलं.

विचारा. लढाई बरोबर होती का, असं विचारू नका, तो दाजींचा प्रश्न आहे. किती मारले, हे तर कुणीच कधी विचारू नये, नातवालाही तसं सांगून ठेवा. साधं काहीतरी विचारा. जहाज कुठून निघालं, खायला काय मिळायचं, तिकडं पाऊस आपल्यासारखाच का, शेजारच्या खाटेवर कोण होतं. समोरासमोर बसवून नको. शेतात काम करताना, गाडीवरून जाताना, गोठ्यात, जिथं दोघांचे हात गुंतलेले असतील तिथं. एका दमात सगळं निघणार नाही. ते थांबले की तुम्हीही थांबा.

आणि एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. त्या युद्धात फक्त आपले जवान गेले नाहीत. २१ ऑक्टोबर १९८७ ला, तमिळ लोकांची दिवाळी होती त्या दिवशी, आपले सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. आतून गोळीबार झाला असं आपल्या बाजूनं सांगितलं गेलं. मेले साठ-सत्तर जण, त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, खाटेवरचे रुग्ण होते. ऑगस्ट १९८९ मध्ये वाल्वेट्टीतुराई गावात साठीच्या आसपास साधी माणसं मारली गेली. तुमच्या घरच्या भांडणात, आणि देशभरच्या वादातही, आपले किती गेले आणि आपल्याला काय मिळालं एवढाच हिशेब होतो. ज्यांच्या दारात हे घडलं ती तमिळ माणसं त्या हिशेबात कुठंच नसतात. आप्पा यांतल्या कशात होते असं मी अजिबात सुचवत नाही. पण तिथं दोन वर्षं काढलेल्या माणसानं काहीतरी पाहिलं असेल जे ताटावर बसून सांगण्यासारखं नाही. ते बोलले तर न्यायाधीश होऊन ऐकू नका, वकील होऊनही नको. "तुमचा काय दोष आप्पा" असं घाईनं म्हणूनही त्यांचं बोलणं तोडू नका.

झोप लागत नसेल, रात्री दचकून उठत असतील, या वयात दारू वाढली असेल, तर नुसत्या गप्पांवर भागवू नका. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या सरकारी आरोग्ययोजनेचं पॉलिक्लिनिक आहे, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. कार्डाचं काही अडलं असेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आप्पांना "डॉक्टरकडं चला" म्हटलेलं आवडणार नाही, तर गुडघ्याच्या तपासणीला म्हणून न्या आणि झोपेचं तिथं डॉक्टरांसमोर त्यांनाच सांगू द्या.

दाजींचं आता. माफीची अट घालून बहिणीची राखी अडवू नका. आक्काला आजच फोन करा आणि नेहमीसारखं ये म्हणा, दाजींना घेऊन ये म्हणा. ते येण्याआधी तुम्ही स्वतः त्यांना फोन करा. तुम्ही नको ते बोललात, त्याचं तुम्ही आधी बोला. मग सांगा की लढाईबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी, ते मला पटो न पटो, पण "फुकट" हा शब्द आप्पांना लागला असेल तर त्याबद्दल तुम्ही त्यांच्याशी बोलावं असं मला वाटतं. एवढंच. दाजी इतिहासाचे मास्तर आहेत. आप्पांशी खरंच बोलायला बसले तर जे पुस्तकात नाही ते त्यांना घरातच ऐकायला मिळेल, आणि मला वाटतं त्यांनाही ते हवं असेल.

एक मनात आलं म्हणून लिहिते, जमलं तर बघा. शांतिसेनेतल्या मृतांची नावं कोरलेलं स्मारक आधी उभं राहिलं ते श्रीलंकेत, कोलंबोजवळ कोट्टेला, २००८ साली. ज्या देशानं त्यांना परत जा म्हटलं, त्या देशानं. इथं आपल्या माजी सैनिकांना दखल घ्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी करावी लागली. दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं ते २०१९ ला. तिथं ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांत श्रीलंकेत गेलेल्यांचीही आहेत. आप्पांना एखादं नाव शोधायचं असेल. जायचं का, हे तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. हो म्हणाले तर तिकिटं चार काढा, आक्का आणि दाजींचीही.

राखीनंतर मला लिहा. आप्पा काय बोलले ते मात्र मला कळवू नका, ते तुमच्यापाशीच राहू द्या. ते बोलले एवढंच कळवलंत तरी मला पुरे आहे.